दादाचं लिथियम, मामांचा व्हिडिओ आणि मेंदूतल्या ग्लिया पेशी

गौरी_डोंबिवली | सोमवार, रात्री १०.१४

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय.

माझ्या मोठ्या भावाला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी टोकाचं उत्साही तर कधी टोकाचं खचलेलं होण्याचा आजार. त्यावर अकरा वर्षं लिथियम चालू आहे. सुरुवातीला दोनदा ॲडमिट करावं लागलं, पण गेली सहा वर्षं गाडी रुळावर आहे. सकाळची लोकल पकडतो, नोकरी करतो, संध्याकाळी माझ्या मुलींचं गणित घेतो. परवा मामांनी गावाहून एक व्हिडिओ पाठवला. मानसिक आजार न्यूरॉनचा, म्हणजे मेंदूत संदेश वाहणाऱ्या पेशींचा, नसतोच, तो 'ग्लिया' नावाच्या पेशींचा असतो, त्यांच्यामुळे मेंदूला सूज येते, आणि सूज उतरवली की आजार मुळापासून जातो, असं त्यात सांगितलंय. मग मामांचा फोन आला, "लिथियमने किडन्या जातील पोराच्या. महिनाभर बंद करा आणि साधी सुजेची गोळी द्या, हळदीच्या कॅप्सूलबरोबर."

मामा वाईट नाहीत. दादा पहिल्यांदा ॲडमिट झाला तेव्हा वॉर्डाबाहेरच्या बाकावर रात्रभर बसून राहिलेला माणूस आहे तो. त्यांना 'तुम्हाला काय कळतं' म्हणवत नाही.

आणि दादाने स्वतः तो व्हिडिओ तीनदा बघितलाय. काल जेवताना म्हणाला, "गौरे, इतकी वर्षं चुकीच्याच पेशींवर औषध घेत होतो का गं मी?" मला उत्तर देता आलं नाही. भात चिवडत बसले.

दोनच प्रश्न आहेत. हे ग्लिया प्रकरण खरं आहे का? आणि खरं असेल तर उपचार बदलायला हवेत का?

नीलमोहर | सोमवार, रात्री १०.३१

गौरी, वाचतेय. आमच्याकडेही हाच व्हिडिओ फिरतोय. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

डॉ_सावंतवाडी | सोमवार, रात्री १०.५२

ग्लियाबद्दल उद्या ओपीडी संपल्यावर सविस्तर लिहितो, पण हे आज रात्रीच वाचा. मी मानसोपचारतज्ज्ञ आहे.

लिथियम चालू असताना 'सुजेची गोळी', म्हणजे आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक वगैरे, आपल्या मनाने अजिबात घ्यायची नाही. या गोळ्यांमुळे मूत्रपिंडातून लिथियम बाहेर पडणं कमी होतं आणि रक्तातली पातळी वाढते. हात जास्त थरथरणं, तोल जाणं, उलट्या, जुलाब, बोलताना जीभ जड होणं ही विषबाधेची लक्षणं. यातलं काही दिसलं तर वाट न बघता दवाखाना गाठा. आणि लिथियम एकदम बंद केलं तर आजार उलटण्याचा, आत्महत्येचा विचार बळावण्याचा धोका असतो. मामांनी सांगितलेल्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करणं फार महागात पडेल.

किडनीची त्यांची काळजी मात्र खोटी नाही. म्हणूनच रक्तातल्या लिथियमच्या लेव्हलबरोबर क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) आणि थायरॉइड बघत राहायचं असतं. शेवटची तपासणी कधी झाली?

गौरी_डोंबिवली | सोमवार, रात्री ११.०५

डॉक्टर, खूप आभार. लिथियम बंद केलेलं नाही. सुजेची गोळीही दिलेली नाही. शेवटची लेव्हल आठ महिन्यांपूर्वी झाली. लिहिताना लाज वाटतेय.

डॉ_सावंतवाडी | सोमवार, रात्री ११.०९

लाज कसली. या आठवड्यात करून घ्या. रात्रीच्या डोसनंतर बारा तासांनी रक्त द्यायचं, आणि सकाळचा डोस असेल तर तो रक्त दिल्यावर घ्यायचा. बरेच जण गोळी घेऊनच लॅबमध्ये जातात आणि आकडा चुकतो.

स्लाइडवाली | मंगळवार, सकाळी ७.४०

मी पुण्यात, पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये पंधरा वर्षं मेंदूचे काप कापले आहेत, म्हणून 'ग्लिया खऱ्या आहेत का' याचं उत्तर मी देते. डोळ्यांनी बघितल्या आहेत.

मेंदूचा तुकडा फॉर्मेलिनमध्ये मुरवतात, मेणाच्या ठोकळ्यात बसवतात आणि मायक्रोटोमवर चार-पाच मायक्रॉन जाडीचे काप घेतात. कापांची फीत कोमट पाण्यावर तरंगते, ती अलगद काचेवर उचलायची. नेहमीचा गुलाबी-जांभळा रंग दिला की न्यूरॉन लगेच ओळखू येतात, मोठे, त्रिकोणी, मधे डोळ्यासारखा ठिपका. आणि त्यांच्या अवतीभवती काळ्या तिळांसारखे बारीक दाणे विखुरलेले असतात. नवीन मुली विचारतात, "मॅडम, हे काय?" पूर्वी आम्हीही "काही नाही, ग्लिया" म्हणून पुढे जायचो. पण ॲस्ट्रोसाइटसाठीचा खास रंग दिला की त्याच जागी तपकिरी चांदण्या उमटतात आणि प्रत्येक चांदणीचा एखादा पाय रक्तवाहिनीवर टेकलेला दिसतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी डबा खायला विसरले होते.

मुख्य प्रकार तीन. ॲस्ट्रोसाइट म्हणजे या चांदण्या. न्यूरॉनने सांडलेलं ग्लुटामेट नावाचं रसायन उचलतात, पोटॅशियम आवरतात, रक्तपुरवठ्याचं बघतात. माणसाची एक ॲस्ट्रोसाइट २० लाखांपर्यंत सिनॅप्सना, म्हणजे न्यूरॉन एकमेकांना जोडले जातात त्या जागांना, वेढू शकते. ऑलिगोडेंड्रोसाइट न्यूरॉनच्या लांब धाग्यांवर मायलिनचं वेष्टण चढवतात, त्यामुळे संदेश वेगाने धावतो. आणि मायक्रोग्लिया, मेंदूतले राखणदार. स्पेनच्या पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये त्या वेगळ्या ओळखून दाखवल्या. यांचं मूळ मेंदूतलं नाहीच. गर्भ अगदी कोवळा असताना पीतककोशातून निघून त्या मेंदूत येतात आणि जन्मभर तिथल्याच होऊन राहतात.

जर्मनशिक्षक_सदाशिव | मंगळवार, सकाळी ९.१५

उत्तम प्रतिसाद. नावाबद्दल थोडी भर घालतो. ग्लिया हा मूळ ग्रीक शब्द, अर्थ डिंक किंवा सरस. १८५६ मध्ये जर्मन वैद्य रुडॉल्फ फिर्खो यांनी न्यूरोग्लिया हे नाव दिलं. त्यांच्या भाषेत ते 'नेर्फेनकिट'. सगळीकडे याचं भाषांतर 'मज्जातंतूंचा गोंद' असं होतं, पण 'किट' म्हणजे खिडकीची काच बसवताना भरतात ती लांबी! न्यूरॉनच्या मधल्या फटी भरणारा लगदा, एवढीच त्यांची कल्पना होती. एका नावामुळे या पेशी शंभर वर्षं 'भरताड' म्हणून बाजूला पडल्या, असं मला वाटतं.

कुंदा_मावशी | मंगळवार, सकाळी ९.४८

लांबी! आमच्या वाड्यातल्या खिडक्या आठवल्या. ओली असताना आम्ही पोरं ती खरवडून गोळ्या करून खेळायचो आणि मार खायचो.

रोखठोक_नागपूर | मंगळवार, दुपारी १.२०

थोडा विरोधी सूर लावतो, राग नसावा. मला ही सगळी लाट वाटते. आधी सेरोटोनिन कमी झालं म्हणून डिप्रेशन, मग डोपामिन, मग आतड्यातले जंतू, आता ग्लिया. शाळेत आम्हाला ग्लिया न्यूरॉनच्या दहापट असतात असं शिकवलं होतं. २००९ मध्ये ब्राझीलच्या सुझाना हर्कुलानो-हूझेल यांच्या गटाने मेंदूचा अक्षरशः रस करून केंद्रकं मोजली, तेव्हा न्यूरॉन निघाले ८६ अब्ज आणि बाकीच्या सगळ्या पेशी मिळून ८५ अब्ज. दहापट गेलं कुठे? ज्यांना साधी संख्या इतकी वर्षं नीट माहीत नव्हती, त्यांच्या नव्या सिद्धांतावर घरच्या माणसाचं औषध बदलायचं? माझा चुलतभाऊ अशाच एका 'नव्या शोधा'पायी गोळ्या सोडून बसला आणि तीन महिन्यांत घर सोडून निघून गेला. सापडला, पण आठव्या दिवशी, दुसऱ्या राज्यात.

प्रथमेश_वाई | मंगळवार, दुपारी १.३३

आइनस्टाइनच्या मेंदूत ग्लिया जास्त होत्या म्हणे. आमच्या गणिताच्या सरांच्या तर डोक्याबाहेर आल्या असतील!

स्लाइडवाली | मंगळवार, दुपारी २.०२

हा हा, प्रथमेश. ते १९८५ चं, मारियन डायमंड यांचं काम. चार जागा तपासल्या, एकाच जागी फरक दिसला, आणि तुलनेला अकरा माणसं. एवढ्यावरून हुशारीचं गणित मांडता येत नाही. सरांना नमस्कार सांगा.

रोखठोक, आकड्याबद्दल तुमचं बरोबर आहे. पण संख्या कमी निघाली म्हणून काम कमी होत नाही.

डॉ_सावंतवाडी | मंगळवार, रात्री ९.३०

आता सविस्तर. रोखठोक यांच्याशी मी निम्मा सहमत आहे.

पुरावा आहे, आणि तो आजकालचा नाही. १९९८ मध्ये ड्रेवेट्स आणि सहकाऱ्यांनी निधनानंतर दान केलेले मेंदू तपासले. कुटुंबात नैराश्य किंवा बायपोलर चालत आलेल्या रुग्णांच्या कपाळामागच्या एका ठरावीक भागात न्यूरॉन ठीक होते, ग्लिया कमी होत्या. २००८ मध्ये बानास्र आणि ड्युमन यांनी उंदरांच्या मेंदूच्या पुढच्या भागातल्या ॲस्ट्रोसाइट एका विषाने मारल्या, तर ते उंदीर नैराश्य आल्यासारखे वागू लागले. न्यूरॉन मारून तसं झालं नाही. २०१८ मध्ये चीनच्या हांगचौमध्ये हायलान हू यांच्या गटाने दाखवलं की मेंदूतल्या एका छोट्या केंद्रातल्या ॲस्ट्रोसाइटमध्ये पोटॅशियमची एक वाहिनी प्रमाणाबाहेर वाढली, की शेजारचे न्यूरॉन झटके दिल्यासारखे पेटतात आणि उंदीर खचतो. केटामाइन हे भुलीचं औषध ते पेटणं थांबवतं. तेव्हा या पेशींचा आजाराशी काही संबंध नाही, असं म्हणता येणार नाही.

आता 'सूज'. माझी खरी तक्रार या शब्दाशी आहे. पाय मुरगळल्यावर येते ती सूज. मायक्रोग्लिया चेतवल्या जातात आणि दाहाची रसायनं सोडतात, तो दाह. नैराश्यात मेंदू फुगत नाही. २०१५ मध्ये कॅनडात नैराश्याच्या २० रुग्णांचं आणि २० निरोगी माणसांचं पेट (PET) स्कॅनिंग केलं, त्यात मायक्रोग्लियाशी संबंधित एका प्रथिनाची खूण रुग्णांमध्ये सुमारे ३० टक्के जास्त दिसली. मोठी बातमी झाली. पण ते प्रथिन इतर पेशींतही असतं, त्यामुळे ती खूण म्हणजे दाहच, असं छातीठोकपणे सांगता येत नाही. व्हिडिओवाल्याने ही बातमी घेतली, 'दाह'चं 'सूज' केलं आणि सुजेवर गोळी सुचवली.

मायक्रोग्लियाला शांत करणारं औषध देऊन बघितलं नाही असंही नाही. मिनोसायक्लिन हे मुरमांवर देतात ते जुनं अँटिबायोटिक तेच करतं. उंदरांत छान काम केलं, छोट्या अभ्यासांत आशा दिसली. मग ब्रिटनमध्ये स्किझोफ्रेनियाच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या २०७ रुग्णांवर रीतसर चाचणी झाली, निकाल २०१८ मध्ये आला. काही फायदा नाही. इन्फ्लिक्सिमॅब हे संधिवाताचं भारी औषध औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याच्या ६० रुग्णांवर वापरलं, २०१३ चा निकाल. एकूण गटात फायदा नाही, पण ज्यांच्या रक्तात दाहाची खूण मुळातच जास्त होती त्यांना थोडा फरक पडलासा दिसला. म्हणजे कदाचित काही रुग्णांत दाह महत्त्वाचा असेल, सगळ्यांत नाही. तो गट कसा ओळखायचा, याचं काम चालू आहे.

समिधा_कोल्हापूर | मंगळवार, रात्री १०.४१

डॉक्टर, तुम्ही स्किझोफ्रेनियाचा उल्लेख केलात म्हणून विचारते. माझ्या मुलाला एकोणिसाव्या वर्षी झाला. आता सत्तावीसचा आहे, क्लोझापिन या औषधावर आहे. त्यासाठी सुरुवातीचे अठरा आठवडे दर आठवड्याला सीबीसी, म्हणजे रक्ततपासणी. लॅबमधला मुलगा आम्हाला बघून आधीच सुई काढून ठेवायचा. २०१६ मध्ये सी-फोर नावाच्या जनुकाबद्दल वाचलं होतं, पण नीट समजलं नाही. कुणी सोपं करून सांगेल का?

विचारण्याचं कारण आहे. पहिल्या डॉक्टरांनी दहा मिनिटांत मला विचारलं होतं, "लहानपणी तुम्ही फार धाकात ठेवलं होतं का?" आठ वर्षं झाली. अजून रात्री झोपताना मी त्याला मारलेल्या चापट्या मोजते.

बागायतदार_निफाड | मंगळवार, रात्री ११.२०

समिधाताई, मी डॉक्टर नाही, पण माझी पुतणी याच विषयात शिकते. तिने मला बागेत उभं राहून समजावलं, तसंच सांगतो. चुकलं तर डॉक्टरांनी दुरुस्त करावं.

द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी. काडी राखायची कुठली, काढायची कुठली, हे डोळा ठेवून ठरवावं लागतं. छाटली नाही तर नुसता पाला माजतो. जास्त छाटली तर घड येणार कुठून? पुतणी म्हणाली, काका, मेंदूतही सिनॅप्स आधी भरमसाठ फुटतात आणि मग वयात येईपर्यंत छाटले जातात. छाटणारे मजूर म्हणजे मायक्रोग्लिया. कुठली काडी काढायची त्यावर चुन्याची खूण करावी, तशी खूण करणारी प्रथिनं असतात, त्यातलं एक सी-फोर. ज्यांच्यात हे प्रथिन जास्त बनतं त्यांच्यात खुणा जास्त पडतात आणि छाटणी गरजेपेक्षा जास्त होत असावी. आजार नेमका सोळा ते पंचवीसच्या वयात का डोकं वर काढतो, त्याचं हे एक कारण असू शकतं.

ताई, यात चापटीचा कुठे संबंध आला?

डॉ_सावंतवाडी | बुधवार, सकाळी ६.५५

निफाडकर, विद्यार्थ्यांना शिकवताना हे वापरणार, परवानगी द्या. एकच दुरुस्ती. तो अभ्यास जवळपास ६५ हजार लोकांच्या जनुकीय माहितीवरचा, भक्कम आहे. पण सी-फोरमुळे धोका थोडाच वाढतो, आणि जास्त सी-फोर असलेली बहुसंख्य माणसं आयुष्यभर ठणठणीत असतात. इतर शेकडो जनुकीय फरक आणि परिस्थिती मिळून आजार होतो.

समिधाताई, १९४८ मध्ये अमेरिकेत 'स्किझोफ्रेनिया घडवणारी आई' असा शब्द निघाला आणि पुढे दोन-तीन दशकं आयांना त्याने भाजून काढलं. तो विचार शास्त्राने केव्हाच सोडून दिला आहे. तुम्हाला तो प्रश्न ज्या पद्धतीने विचारला गेला, तो तसा विचारायला नको होता. आमच्या व्यवसायातला माणूस म्हणून मी तुमची माफी मागतो.

समिधा_कोल्हापूर | बुधवार, सकाळी ७.३०

निफाडच्या भावा, डॉक्टर, काय लिहू. दोन्ही प्रतिसाद मुलाच्या बाबांना वाचून दाखवले. ते उठून गच्चीत गेले.

आर्या_बंगळुरू | बुधवार, सकाळी ११.१०

माझा अनुभव वेगळ्या बाजूचा आहे. मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. यात शरीराची प्रतिकारयंत्रणाच मायलिनवर हल्ला करते, म्हणजे स्लाइडवाली ताईंनी सांगितलेल्या ऑलिगोडेंड्रोसाइटच्या कामावर. डोळ्याला अंधारी, पाय जड, हे सगळ्यांना पटायचं. पण सोबत आलेलं नैराश्य कुणाला पटलं नाही. 'एवढा मोठा आजार म्हटल्यावर उदास वाटणारच, मन रमव,' असं सासरी-माहेरी दोन्हीकडे. या आजारात नैराश्य खूप जणांना येतं, आणि ते फक्त बातमी ऐकून येत नाही, मेंदूतल्या बदलांचाही त्यात हात असतो, हे न्यूरॉलॉजिस्टनी सांगितलं त्या दिवशी मी खाली कॅन्टीनमध्ये बसून पोटभर रडले. नंतर मानसोपचार सुरू केले. फरक पडला.

म्हणून रोखठोक, तुमच्या भावाचं वाचून वाईट वाटलं, पण या संशोधनाला नुसती लाट म्हणू नका. औषध बदललं नाही तरी घरातल्यांची नजर बदलते.

रोखठोक_नागपूर | बुधवार, दुपारी १२.४५

आर्याताई, मान्य. 'लाट' शब्द मागे घेतो. माझा राग संशोधनावर नाही, ते अर्धवट विकणाऱ्यांवर आहे.

एक विचारू? ग्लियाची काही टेस्ट आहे का? आमच्याकडे एका लॅबच्या जाहिरातीत 'ब्रेन इन्फ्लेमेशन पॅनेल' दिसलं.

डॉ_सावंतवाडी | बुधवार, दुपारी ३.१५

नाही. जिवंत माणसाच्या ग्लिया तपासून मानसिक आजाराचं निदान करणारी कुठलीही टेस्ट आज दवाखान्यात वापरली जात नाही. पैसे वाचवा.

स्लाइडवाली | बुधवार, दुपारी ३.४०

म्हणूनच मेंदूदानाला इतकं महत्त्व आहे. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये १९९५ पासून ब्रेन बँक आहे. आपल्याकडे नेत्रदानाबद्दल बोललं जातं, याबद्दल फार कमी. माझा फॉर्म भरलेला आहे. यजमानांना आधी पटलं नव्हतं, आता तेही भरणार आहेत.

नीलमोहर | बुधवार, दुपारी ४.०५

वाचनखूण साठवली. गौरी, लेव्हलचं काय झालं?

गौरी_डोंबिवली | शनिवार, रात्री ९.२०

उशिराबद्दल क्षमा. गुरुवारी रक्त दिलं, आज रिपोर्ट घेऊन दादाबरोबर ओपीडीला गेले होते. लेव्हल ०.७, क्रिएटिनिन आणि थायरॉइड व्यवस्थित.

पण एक गोष्ट कळली ती इथे लिहायलाच हवी. डॉक्टरांनी "आणखी काही गोळ्या?" विचारल्यावर दादा जरा घुटमळला. मग म्हणाला, लोकलमध्ये उभं राहून कंबर धरली की महिन्यातून चार-पाचदा तो स्टेशनजवळच्या मेडिकलमधून डायक्लोफेनॅक घेतो. घरात कुणालाच माहीत नव्हतं. व्हिडिओ येण्याच्या कितीतरी आधीपासून! डॉक्टरांनी ते बंद करायला सांगितलं, दुखलंच तर पॅरासिटामॉल लिहून दिलं, आणि कंबरेसाठी फिजिओथेरपिस्टकडे पाठवलंय. सावंतवाडीच्या डॉक्टरांनी सोमवारी रात्री लिहिलं नसतं, तर आम्ही हा विषय काढलाच नसता.

दादाने ओपीडीतल्या डॉक्टरांनाही विचारलं, "मी चुकीच्या पेशींवर औषध घेत होतो का?" त्यांनी केसपेपरच्या मागे एक मोठा न्यूरॉन आणि त्याला बिलगलेली एक चांदणी काढली. म्हणाले, लिथियम साधा क्षार आहे, तो पेशीचं नाव विचारून आत शिरत नाही. जे एन्झाइम तो दाबतो ते न्यूरॉनमध्येही आहे आणि ग्लियातही. १९४८ मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी ते रुग्णांना देऊन बघितलं, तेव्हा ते कुठल्या पेशीत काय करतं हे कुणाला ठाऊक नव्हतं, तरी माणसं सावरली. दादाने तो कागद घडी घालून पाकिटात ठेवलाय.

घरी आल्यावर मामांना त्यानेच फोन लावला, स्पीकरवर. आधी डायक्लोफेनॅकचं सांगितलं. मामा बराच वेळ काही बोललेच नाहीत. त्यांनी सुचवलेली गोळी तीच होती. मग मी त्यांना हा धागा वाचून दाखवला. मामांनी उमेदीच्या काळात मुंबईत रंगकाम केलंय, त्यामुळे लांबीचा प्रतिसाद दोनदा वाचायला लावला. म्हणाले, "अगं, लांबी म्हणजे भरताड कोण म्हणतो? ती सुटली तर पहिल्या पावसात काच खाली येते." मग दादाला म्हणाले, "रात्रीची गोळी घेतलीस का रे?"

साडेनऊची वेळ आहे त्याची. आता देते.